टाऊन हॉल ते रिगल, शेतजमिनीच्या मागावर

चर्चगेटला उतरलो, हुतात्मा चौक ओलांडून चालत हॉर्निमन सर्कल. लोक इथे जुन्या बिल्डिंगा बघायला येतात, मी मात्र शेतजमीन डोक्यात घेऊन फिरलो, कारण आमचं गाव बारामती तालुक्यात, सुप्याच्या बाजूला, आणि तिथल्या शेतकऱ्याचं जे झालं त्याचे निम्मे धागे ह्याच रस्त्यांवर आहेत.

तिथल्या टाऊन हॉलमध्ये एल्फिन्स्टन ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा पुतळा आहे. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार ह्याच्याकडे आला. तेव्हा गावात मिरासदार होते, पिढीजात हक्काने कसणारे. मिराशी जमीन विकता यायची, पण सहसा कोणी विकत नसे कारण तिच्याबरोबर गावातला मानपान जायचा. सारा, म्हणजे जमिनीवरचा कर, गावाच्या वतीने पाटील भरायचा, पीक बुडालं तर घासाघीस करून सूट मागायचा. मग रयतवारी आली, म्हणजे गावाऐवजी थेट एकेका शेतकऱ्याकडून सारा, १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली, शेताला सर्व्हे नंबर, मातीची प्रत आण्यांत (सोळा आणे म्हणजे उत्तम), आणि खातेदाराच्या नावावर तीस वर्षांसाठी ठरलेला रोख सारा. सुरुवातीला सारा उतरला, पडीक रानं लागवडीला आली, हे मान्यच. पण आता जमीन बिनदिक्कत गहाण पडायला लागली आणि सावकाराच्या पाठीशी कोर्ट उभं राहिलं. मला विचाराल तर खरा घाव हा. पूर्वी सावकाराला गावाशी जुळवून घ्यावं लागायचं, आता दावा लावला, हुकूमनामा घेतला की जप्ती.

समोरची गोल बाग म्हणजे जुनं बॉम्बे ग्रीन, इथे कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे, पुढे तो बाजार कुलाब्याला गेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, भाव आभाळाला भिडले, मुंबई श्रीमंत झाली, आजूबाजूच्या देखण्या कमानी त्याच दशकातल्या. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव गडगडले. मुंबईत शेअरच्या सट्ट्यात बुडालेल्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण गावाकडे चढत्या भावाच्या भरवशावर घेतलेलं कर्ज तसंच राहिलं, त्यात इंदापूरची तीस वर्षं संपून १८६७ पासून साराही चढवला. १२ मे १८७५ ला सुप्यात लोक सावकारांवर चालून गेले, हातात पडतील ती कर्जखतं जाळली. माणसं मारायला नव्हते गेले ते, त्यांना तो कागद नको होता! सरकारने १८७९ ला शेतकऱ्यांसाठी कायदा केला खरा, पण मधे १८७६ ते ७८ चा दुष्काळ माणसं घेऊन गेला होता.

तिथून काळा घोडा करत रिगल सिनेमापर्यंत आलो. इथलं आजचं राज्य पोलीस मुख्यालय म्हणजे १९३० च्या दशकातला कौन्सिल हॉल, तेव्हाचं विधिमंडळ इथे भरायचं. कोकणात रयतवारीच्या जोडीला खोती चालूच राहिली होती, सरकार आणि कुळ यांच्या मधे सारा वसूल करणारा खोत. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये ती बंद करायचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले, घाटावरचे हजारो शेतकरी मोर्चाने मुंबईत उतरले. तरी खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला. शाळांच्या सहली गेटवेला येतातच, दोन मिनिटांवर ही बिल्डिंग आहे, पोरांना इथे उभं करून तो मोर्चा सांगाच.