आधी वाक्य, मग सूत्र

आपल्या शाळेत भौतिकशास्त्राची सुरुवात सूत्राने होत नसे. विज्ञानाच्या बाईंचा दंडक असा होता की उदाहरण कोणतेही असो, वहीतली पहिली ओळ साध्या मराठी वाक्याची हवी: बल कोणी लावले, कोणावर लावले आणि कोणत्या दिशेने लावले. हे वाक्य पूर्ण झाल्याशिवाय ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ लिहायची परवानगी नव्हती. गेली अनेक वर्षे मी तंत्रनिकेतनात शिकवतो आहे, आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर त्या पहिल्या ओळीइतके महत्त्वाचे दुसरे काही मला सुचले नाही.

चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटून वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात? नववीच्या वर्गात हा प्रश्न आला की उत्तर ठरलेले असे: खाली गुरुत्वीय बल आणि वर हाताचे बल. बाई ते खोडून काढत नसत. “कोणी लावले ते वाक्यात लिही,” एवढेच सांगत. वाक्य लिहिताना ‘हाताने’ या शब्दापाशी पेन अडे, कारण हात तर खालीच राहिलेला असे, आणि स्पर्श सुटल्यावर तो ढकलणार कसा? उरते ती पृथ्वी आणि थोडाफार हवेचा रोध. वर जाणाऱ्या चेंडूपाशी असतो तो वेग. हाताने दिलेले बल त्याने बरोबर नेलेले नसते. पृथ्वी तो वेग दर सेकंदाला सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद इतका घटवत जाते, आणि सर्वांत वरच्या बिंदूला वेग क्षणभर शून्य झाला तरी तिचे ओढणे चालूच असते; ते थांबले असते तर चेंडू तिथेच राहिला असता. गती टिकवायला सतत बल लागते ही समजूत अॅरिस्टॉटलच्या काळापासून जवळजवळ दोन हजार वर्षे टिकली, गॅलिलिओने तिला धक्का दिला आणि न्यूटनने 1687 साली जडत्वाचा नियम आपल्या तीन नियमांत पहिला म्हणून मांडला. इतकी चिवट समजूत मुलांनी एका तासिकेत सोडावी ही अपेक्षाच अवाजवी आहे, हे बाई जाणून होत्या, म्हणून त्या एका चेंडूसाठी कितीतरी तास देत. ते तास सत्कारणी लागले असे मी खात्रीने म्हणतो, कारण आज माझ्याकडे येणारी हुशार मुलेही याच चेंडूपाशी अडखळतात.

संक्रांतीला आकाशात स्थिर उभ्या असलेल्या पतंगाचेही वाक्य आम्ही लिहिले होते. वारा, पतंगाचे वजन आणि मांजाचा ताण अशी तीन बले तिथे असतात, आणि त्यांची बेरीज शून्य असल्यामुळे पतंग जागचा हलत नाही.

ऊर्जेसाठी बाईंनी थळ घाट निवडला होता. 1865 साली रेल्वेसाठी खुल्या झालेल्या या घाटात कसारा ते इगतपुरी चढ 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र आहे. याचा अर्थ गाडीच्या वजनाचा सदतिसावा भाग तिला सतत उताराकडे ओढत राहतो. 1000 टनांच्या गाडीसाठी हे बल सुमारे 2,65,000 न्यूटन होते, आणि ती एकसमान वेगाने चढत असेल तर इंजिनांना नेमके तेवढे बल, अधिक घर्षणापुरते, लावावे लागते. आमच्यापैकी ज्यांचे वडील नाशिकरोडहून मुंबईला ये-जा करत, त्यांना कसाऱ्याला मागून जोडली जाणारी बँकर इंजिने ठाऊक होती. पण ती मागूनच का, याचे उत्तर वाक्य लिहिल्यावर मिळाले. सगळे ओढणे पुढून झाले तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येतो. मागून ढकलल्याने तो वाटला जातो. मग ऊर्जेचा हिशेब. हीच गाडी 100 मीटर उंच न्यायला किमान 98 कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे 272 युनिट वीज लागते, आणि चढ कमी तीव्र असता तरी हा आकडा बदलला नसता. बल कमी लागले असते आणि अंतर त्याच प्रमाणात वाढले असते. उतरताना ही साठलेली स्थितिज ऊर्जा कुठे जाते, हा बाईंचा आवडता प्रश्न. पूर्वी तिचा मोठा भाग ब्रेक तापवण्यात जाई; आताची विद्युत इंजिने मोटारीचेच जनित्र करून तिचा काही भाग वरच्या तारेत परत पाठवतात.

तरंगांचा धडा रामकुंडावर सुरू झाला. वाहत्या गोदावरीत पान पुढे जाते ते प्रवाहामुळे. कुंडाच्या संथ पाण्यात मात्र लाट काठापर्यंत पोहोचते आणि पान जवळपास जागच्या जागी वरखाली होत राहते. प्रवास ऊर्जेचा होतो, पाण्याचा नाही. हीच गोष्ट हवेबाबत पटायला अवघड, म्हणून नाशिक ढोल. मिरवणुकीत ढोलाची थाप छातीत जाणवते, पण ढोलापासची हवा आपल्यापर्यंत आलेली नसते. संपीडन आणि विरलन, म्हणजे हवा दाबली जाणे आणि विरळ होणे, यांची मालिका तेवढी येते, सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने. म्हणून 170 मीटरांवरच्या ढोलावर टिपरू पडलेले आधी दिसते आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येतो. जोरात वाजवले की आयाम वाढतो आणि आवाज मोठा होतो; ढोलाचे पान, म्हणजे त्याचा पडदा, ताणून बसवले की वारंवारता वाढते आणि स्वर चढतो. या दोन गोष्टींची गल्लत मी पुढे अनेक चांगल्या पुस्तकी उत्तरांत पाहिली आहे.

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचा धडा लहान होता, पण त्यातले एक वाक्य पक्के बसले: कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, बाकीची नष्ट होत नाही, ती उष्णता होऊन पाण्यात आणि हवेत पसरते.

शाळेची नवी इमारत उभी राहते आहे, तेव्हा एक विनंती करतो. जुन्या जिन्याच्या पोकळीत बाईंनी छताच्या हुकाला लांब दोरीचा दोलक टांगला होता. 1 मीटर लांबीच्या दोलकाला एक आंदोलन पूर्ण करायला सुमारे 2 सेकंद लागतात आणि 4 मीटरच्या दोलकाला सुमारे 4 सेकंद. लांबी चौपट केल्यावर वेळ दुप्पटच का होतो, यावर जिन्यात उभे राहून आम्ही वाद घातले, आणि गोळा जड केला तरी वेळ बदलत नाही हे घड्याळ लावून पाहिले. नव्या जिन्याच्या वरच्या स्लॅबमध्ये असा एक पक्का हुक काँक्रीट ओततानाच बसवून घ्यावा. दोरी, गोळा आणि एक स्टॉपवॉच माजी विद्यार्थ्यांच्या वतीने मी आणून देईन.