लाकडाचा ढीग पाहून गाडी थांबवावी

टेक्सासच्या रस्त्यांवर बार्बेक्यूची पाटी शोधावी लागत नाही. पेट्रोल पंपाला लागून, गाड्या धुण्याच्या जागेशेजारी, कधी एखाद्या चर्चच्या आवारातसुद्धा ती दिसते. त्यामुळे ह्यूस्टनहून मध्य टेक्सासच्या दिशेने निघालेल्या माणसाला बार्बेक्यू मिळेल की नाही याची चिंता नसते. त्या गावचे अस्सल कोणते आणि कुठेही मिळेल असे कोणते, हे खाण्याआधी ओळखणे एवढेच काम त्याच्यापुढे असते. खाल्ल्यानंतर कोणालाही कळते, पण तोवर पैसे आणि भूक दोन्ही खर्ची पडलेली असतात.

मी माझ्यापुरत्या काही खुणा ठरवून ठेवल्या आहेत. पहिली खूण लाकडाची. दुकानाच्या मागे पोस्ट ओक या झाडाच्या ओंडक्यांची पुरुषभर उंचीची रास रचलेली असेल, त्यातले काही वाळून करडे पडलेले आणि काही अजून ओलसर असतील, आणि धुराड्याभोवतीची भिंत काजळीने काळी झाली असेल, तर गाडी वळवायला हरकत नाही. गॅसवर चालणाऱ्या बंद पेटीत चवीपुरता एखादा ओंडका टाकून मांस शिजवणारी दुकाने आता पुष्कळ आहेत. त्यांचे मांस वाईटच असते असे मी म्हणणार नाही. मात्र त्यासाठी वाट वाकडी करण्याचे कारण नाही. दुसरी खूण वेळेची. सकाळी अकराला विकायचे मांस आदल्या संध्याकाळी किंवा रात्री विस्तवावर चढलेले असते, ते किती चढवायचे याचा अंदाज तेव्हाच बांधलेला असतो, आणि एकदा संपले की गिऱ्हाईक रांगेत उभे आहे म्हणून आणखी करता येत नाही. म्हणून रात्री दहापर्यंत हवे तेवढे ब्रिस्केट, म्हणजे धुरावर शिजवलेले बीफ, मिळेल असे सांगणाऱ्या दुकानापेक्षा दुपारी दोनला दारावर ‘संपले’ असा कागद चिकटवून कुलूप लावणाऱ्या दुकानावर माझा जास्त विश्वास बसतो, मग त्या दिवशी आपण उपाशी राहिलो तरी बेहत्तर.

तिसरी खूण सॉसची, आणि इथे मी जरा कडक आहे. न विचारता मांसावर गोड, तांबडा सॉस ओतून देणारा माणूस काहीतरी झाकत असतो. महामार्गावरच्या एका मोठ्या उपाहारगृहात मला असे ब्रिस्केट मिळाले होते: वाफेच्या ट्रेमध्ये ठेवून करडे पडलेले, चिरण्याऐवजी चुरावे लागेल असे, आणि वर काकवीसारखा गोड सॉस. त्या बशीतून सॉस काढून टाकला असता तर खाली सांगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा भाग. माणसाला खांदा छातीशी जोडणारे हाड असते तसे गुरांना नसते, त्यामुळे उभ्या जनावराच्या पुढच्या धडाचा मोठा भार छातीचे हे स्नायू पेलतात. सतत राबणारा स्नायू चिवट असतो, कारण त्यात कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर असते. तव्यावर परतला तर तो चपलेचा तळवा होतो. मात्र त्याला 110 ते 135 अंश सेल्सियसच्या मंद, धुरकट उष्णतेत बारा-बारा तास ठेवले की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होते आणि धाग्याधाग्यांमधून ओलावा देते. मधल्या वेळात एक विचित्र टप्पा येतो. मांसाच्या आतले तापमान 65 ते 70 अंशांच्या आसपास पोहोचले की ते तासन्तास तिथेच अडून बसते, कारण पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन विस्तवाची उष्णता खाऊन टाकते. नवखा माणूस इथे घाबरून विस्तव वाढवतो. मुरलेला पिटमास्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारा, लाकूड सरकवतो, खुर्ची ओढतो आणि वाट पाहतो, किंवा फार तर मांस खाटकाकडच्या जाड कागदात गुंडाळून पुन्हा आत ठेवतो. आतले तापमान 95 अंशांच्या जवळ गेले की ते उतरवायचे आणि पुन्हा काही काळ मुरत ठेवायचे.

मसाला म्हणाल तर मीठ आणि जाडसर मिरपूड, संपले. मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढले, आणि आमच्याकडे मांस म्हणजे उन्हात वाळवलेल्या मिरच्यांसकट डझनभर जिन्नस भाजून कुटलेला मसाला हे इतके गृहीत होते की फक्त मीठ-मिरी लावलेले मांस आजाऱ्याला देतात असा माझा समज होता. ब्रिस्केटच्या बाबतीत तिसरा मसाला धूर असतो, आणि तो डब्यात भरून ठेवता येत नाही. बाहेरची काळीकुट्ट साल, जिला इथे बार्क म्हणतात, ती जळलेली नसते. मीठ, मिरी, वितळलेली चरबी आणि धूर यांचा तो आटलेला थर असतो. तिच्या खाली गुलाबी कडा दिसते. धुरातले वायू मांसातल्या मायोग्लोबिन या तांबड्या प्रथिनाशी संयोग पावल्यामुळे तो रंग येतो, पण माझ्या नवऱ्याने ती कडा पाहून ‘हे आतून कच्चे आहे’ असा निकाल दिला होता आणि काउंटरवरच्या माणसाला ते परत घ्यायला लावणार होता.

नवरा कोल्हापूरचा, आणि बीफ खात नाही. सोबत येतो तो गाडी चालवायला, धुरात भाजलेल्या टर्कीसाठी आणि मते देण्यासाठी. आमच्या पिढीच्या मराठी माणसांसाठी हा विषय तसा नाजूकच आहे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले, आणि बाजारात उरले ते म्हशी-रेड्याचे मांस. परदेशात आलेल्या मराठी घरांत ज्याने-त्याने आपापली रेघ ओढून घेतलेली असते आणि प्रवासाला एकत्र निघताना ती विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. शाकाहारी पाहुणे बरोबर असतील तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवते: या दुकानांतल्या बीन्समध्येही बहुधा मांसाचा तुकडा पडलेला असतो, तेव्हा त्यांनी बटाट्याचे सॅलड, लोणच्यातली काकडी आणि पीचचा गोड कॉब्लर यांच्यावर भिस्त ठेवावी.

ऑस्टिनच्या दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटरवर लॉकहार्ट नावाचे छोटे गाव आहे. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाने 1999 मध्ये ठराव करून त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवले, आणि त्याच वर्षी तिथल्या सर्वांत जुन्या दुकानाच्या वाटण्या झाल्या. क्राइट्स मार्केट 1900 सालचे. एडगर श्मिट यांनी 1948 मध्ये ते विकत घेतले, पुढे धंदा मुलांकडे गेला, आणि त्यांच्या मागे इमारत मुलीकडे गेली. भाडेपट्ट्याचे जमेना तेव्हा भावाने गावातच मोठी नवी इमारत बांधून क्राइट्स तिकडे नेले, आणि बहिणीने जुन्या जागी वडिलांच्या टोपणनावाने ‘स्मिटीज मार्केट’ उघडले. जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून रस्त्याने ओढत नव्या इमारतीत नेण्यात आले आणि त्यांच्यावर नवी भट्टी पेटवली गेली. आता अस्सल कोणते, जिथे जुने नाव आणि जुने निखारे आहेत ते, की जिथे जुन्या भिंती आणि जुनी काजळी आहे ते? गावातल्या लोकांना यावर पक्की मते आहेत. माझे मत विचाराल तर स्मिटीजच्या मागच्या दाराने आत शिरावे, त्या अंधाऱ्या बोळात जमिनीवरच उघडी जळणारी लाकडे पायांपासून हातभर अंतरावर असतात तिथे रांगेत उभे राहावे, आणि शोल्डर क्लॉड नावाचा खांद्याचा तुकडा खायला मात्र क्राइट्समध्ये जावे. दोन्ही दुकानांत मांस वजनावर मिळते, कागदावर मिळते, आणि खाण्यासाठी काटा-चमचा मागण्याची तिथे रीत नव्हती. क्राइट्सने तर सॉस ठेवायलाही वर्षानुवर्षे नकार दिला होता.

या कागदाला, त्याच्यासोबतच्या खारट सॉल्टाइन बिस्किटांना, कच्च्या कांद्याला आणि काकडीच्या लोणच्याला मी आधी गंमत समजत असे. त्यामागचा इतिहास साधा आणि जरासा कडू आहे. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन आणि चेक कुटुंबे येऊन वसली, त्यांच्यात खाटीक होते, आणि शीतपेट्या नसलेल्या काळात न विकलेले, चिवट तुकडे धुरावर भाजून आणि उरलेल्याचे सॉसेज करून ते विकत. त्यांचे गिऱ्हाईक होते कापूस वेचायला आलेले मजूर, ज्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन पुष्कळ होते. त्यांना गावातल्या उपाहारगृहांत बसू देत नसत. ते खाटकाकडून भाजलेले मांस कागदात बांधून घेत, त्याच दुकानाच्या फळीवरची बिस्किटे आणि कांदा उचलत, आणि मागच्या बाजूला उभ्याने खात. आज तीच मांडणी पाहायला लोक विमानाने येतात.

आणि खुद्द ब्रिस्केटही पाट्यांवर भासते तितके पुरातन नाही. जुने खाटीक अख्खे धड आणून स्वतः फोडत, त्यामुळे भट्टीवर खांदा, मान, बरगड्या असे जे येईल ते चढे. ब्रिस्केटचे राज्य आले ते 1960 च्या दशकानंतर, जेव्हा मांस कापून, खोक्यांत भरून येऊ लागले आणि दुकानदाराला हवा तो एकच भाग हवा तितका मागवता येऊ लागला. म्हणजे परंपरा म्हणून आपण जे शोधत निघतो त्याचे वय माझ्या वडिलांपेक्षा कमी भरते. यामुळे माझा उत्साह कमी झाला नाही. फक्त ‘सर्वांत जुने कोणते’ असे विचारण्याऐवजी ‘इथल्या रानात कोणते लाकूड, इथे कोणते लोक’ असे विचारू लागले.

तसे विचारले की राज्याचा नकाशाच बदलतो. ऑस्टिनच्या वायव्येला लॅनोकडे गेलात की ओकच्या जागी मेस्किट ही काटेरी झाडे दिसू लागतात. त्यांचा धूर तिखट आणि आच कडक, म्हणून तिथल्या कूपर्स नावाच्या दुकानात ती आधी जाळून निखारे करतात आणि मांस थेट निखाऱ्यांवर भाजतात. पूर्व टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय पिटमास्टरांच्या हातचे बीफ बारीक चिरून पावात घातलेले असते आणि त्यावर गोडसर सॉस असतो. सॉसविषयी वर मी जे फटकारे ओढले ते तिथे लागू नाहीत, कारण तिथे सॉस झाकण्यासाठी नसतो, तो पदार्थाचाच भाग असतो. अगदी दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलमध्ये व्हेराज बॅकयार्ड नावाचे घरगुती दुकान आहे, जिथे गाईचे अख्खे डोके गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात मेस्किटच्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवतात आणि आठवड्याच्या शेवटी सकाळी गालांचे मांस वजनावर विकतात. जमिनीत खड्डा करून विक्रीसाठी शिजवण्याला आता आरोग्य खात्याचे नियम आडवे येतात. हे दुकान त्यांच्या आधीपासूनचे असल्यामुळे टिकून आहे.

रायगडातली पोपटी जशी वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि थंडीतले शेत सोडून फ्लॅटच्या गच्चीवर नीट जमत नाही, तसेच काहीसे याचेही आहे. ह्यूस्टनमध्ये उत्तम ब्रिस्केट मिळते हे मी मान्य करते. तरीही टेलर गावात लुई म्यूलरच्या दुकानात, जिथे भिंतीवर लावलेली लोकांची व्हिजिटिंग कार्डेही धुराने तपकिरी झाली आहेत, हातभर लांब बरगडी समोर आली की अडीचशे किलोमीटर उगाच आलो असे वाटत नाही. ही जागा पूर्वी व्यायामशाळा होती, त्यामुळे छत उंच आहे आणि धुराला फिरायला ऐसपैस जागा आहे.

लेक्सिंग्टनच्या स्नोजला जायचे असेल तर मात्र आठवड्याचे गणित करावे लागते. हे दुकान 2003 मध्ये निघाले आणि फक्त शनिवारी उघडते, तेही सकाळी आठला. 1935 मध्ये जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ या बाईंनी तिथली भट्टी वर्षानुवर्षे सांभाळली, आणि आठवड्यातले बाकीचे दिवस त्या शाळेच्या देखभालीच्या कामावर जात. 2008 मध्ये ‘टेक्सास मंथली’ मासिकाने या दुकानाला राज्यात पहिला क्रमांक दिला, आणि तेव्हापासून पहाटेच्या अंधारात रांग लागते. सकाळी साडेआठला बीफ खावे का, असा प्रश्न रांगेतल्या कोणालाही पडलेला दिसत नाही. काउंटरवर ‘लीन की मॉइस्ट’ एवढेच विचारतात. उत्तर ‘मॉइस्ट’ असे द्यावे, कारण कोरडा भाग कुठेही मिळतो आणि चरबीचा भाग नीट वितळवणे ही खरी कारागिरी आहे.

या सगळ्या हिंडण्यात नवऱ्याने टर्की खाऊन खाऊन आपला हक्क आता बजावला आहे. केंटकी राज्यात ओवेन्सबरो नावाचे गाव आहे, तिथे लोकरीचा उपयोग संपलेल्या मेंढ्यांचे मटण हिकरीच्या लाकडावर तासन्तास भाजतात, आणि तिथल्या कॅथलिक चर्चच्या उन्हाळी सहलींमध्येही तेच असते, असे मीच त्याला एकदा सांगून बसले. आता पुढचा प्रवास तिकडचा, असे त्याने जाहीर केले आहे. ह्यूस्टनपासून ते हजार किलोमीटरहून लांब आहे, पण मटणाच्या बाबतीत कोल्हापूरकराशी अंतराची भाषा करून उपयोग नसतो. पांढरा रस्सा तिथे मिळणार नाही, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.