एफपीएलचा शेवटचा टप्पा मी कसा खेळतो

मार्च लागला की फँटसी प्रीमिअर लीगमध्ये (एफपीएल, म्हणजे इंग्लिश प्रीमिअर लीगच्या खेळाडूंचा आपला संघ बांधून त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) मी फॉर्मच्या आधी कॅलेंडर बघतो. तोपर्यंत बहुतेक गेमवीकमध्ये (लीगच्या एका फेरीत) वीस क्लबांचे दहा सामने ठरल्याप्रमाणे होतात आणि प्रश्न एवढाच असतो की सध्या कोण चांगलं खेळतंय. पुढे मात्र कोणाला सामनाच नाही, कोणाला दोन आहेत आणि त्या दोनांत क्लबचा मॅनेजर खेळाडूला किती मिनिटं देणार, यावर गुण ठरतात. माझ्या मते एप्रिल-मे महिन्यांत मिनिटांचा अंदाज बरोबर आला की निम्मं काम झालं. गोल कोण करणार हा अंदाज तसाही कोणाचाच धड येत नाही.

सुरुवात एका साध्या तक्त्याने करतो. डावीकडे माझे १५ खेळाडू, वर २९ ते ३८ गेमवीक. प्रत्येक घरात ०, १ किंवा २. कपच्या निकालावर अवलंबून असलेल्या घरात प्रश्नचिन्ह. मग प्रत्येक उभ्या रकान्यात शून्य नसलेली घरं मोजायची. नऊ किंवा जास्त भरली तर तो आठवडा साध्या ट्रान्सफरवर निभावतो. सात-आठ असतील तर आधीपासून फ्री ट्रान्सफर (गुण न गमावता खेळाडू बदलायची संधी) साठवतो, पाचपर्यंत साठतात. त्याहून कमी असतील तर फ्री हिटचा (एका आठवड्यापुरता अख्खा संघ बदलायची सवलत) विचार.

ही शून्यं आणि दोन येतात कुठून, हे समजलं तर घोषणेची वाट न बघता आधीच तयारी होते. लीग कपची अंतिम फेरी मार्चमध्ये असते आणि एफए कपची उपांत्य फेरी एप्रिलमध्ये. दोन्ही शनिवार-रविवारी, म्हणजे लीगच्या फेरीवरच. कपमध्ये अडकलेल्या क्लबचा लीग सामना हलतो आणि त्याच्यासोबत त्या सामन्यातला प्रतिस्पर्धीही अडकतो. हा दुसरा क्लब बरेच जण विसरतात. २०२४-२५ मध्ये १६ मार्चला लिव्हरपूल आणि न्यूकॅसल लीग कपच्या अंतिम फेरीत होते, म्हणून २९व्या गेमवीकमध्ये त्या दोघांसोबत ॲस्टन व्हिला आणि क्रिस्टल पॅलेस यांनाही ब्लँक आला, म्हणजे त्या आठवड्यात सामनाच नाही.

सामना पुढे ढकलला की डबल (एका गेमवीकमध्ये दोन सामने) नंतर येतो आणि अलीकडे ओढला की आधी. न्यूकॅसल-पॅलेस सामना पुढे गेला आणि ३२व्या गेमवीकमध्ये दोघांना डबल मिळाला. एफए कपच्या उपांत्य फेरीच्या वेळी उलटं झालं: मँचेस्टर सिटी-व्हिला आणि आर्सेनल-पॅलेस हे ३४व्या गेमवीकचे सामने अलीकडे आणले गेले. त्यामुळे या चारही क्लबांना ३३ मध्ये डबल आणि लगेच ३४ मध्ये ब्लँक. नॉटिंगहॅम फॉरेस्टही उपांत्य फेरीत होता, पण त्यांचा ब्रेंटफर्डविरुद्धचा सामना १ मे रोजी, ३४व्या गेमवीकच्याच मुदतीत बसला, म्हणून त्यांना ब्लँक आलाच नाही. तेव्हा कपमध्ये आहे म्हणून खेळाडू विकून टाकायची घाई करू नये. आधी त्या आठवड्याच्या मधल्या मंगळवार-बुधवार-गुरुवारी जागा मोकळी आहे का आणि दोघांपैकी कोणी युरोपात खेळतंय का, हे बघावं.

डबल म्हणजे दुप्पट गुण, हा समज त्याच ३२व्या गेमवीकने मोडीत काढला. न्यूकॅसलने मँचेस्टर युनायटेडला ४-१ आणि पॅलेसला ५-० हरवलं. त्यांचे तीन खेळाडू ज्यांच्याकडे होते त्यांची चंगळ झाली. पण डबल पॅलेसलाही होता. ते सिटीकडून ५-२ आणि न्यूकॅसलकडून ५-० हरले. दर दोन गोलांमागे बचावपटूचा एक गुण कापला जातो, म्हणजे पाच गोलांना उणे दोन. दोन्ही सामने पूर्ण खेळलेल्या बचावपटूचे हजेरीचे (साठ मिनिटं खेळलं की सामन्यामागे दोन) चार गुण तिथेच संपले, हातात शून्य. कागदावर दोन सामने आणि प्रत्यक्षात एकही गुण नाही. म्हणून डबलमध्ये मी आक्रमक खेळाडू क्लबचं नाव बघून घेतो आणि बचावपटू प्रतिस्पर्धी बघून. अवघड सामन्यांच्या डबलपेक्षा घरच्या मैदानावर तळातल्या संघाविरुद्धचा एकच सामना मला बचावपटूसाठी कैक पटींनी बरा वाटतो. २०२५-२६ पासून बचावाच्या कामाचेही दोन गुण मिळतात. बचावपटूने एका सामन्यात टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स मिळून १० करायचे. मधल्या फळीला आणि फॉरवर्डला १२ लागतात, पण त्यांच्या रिकव्हरीही (सुटलेला चेंडू परत मिळवणं) मोजतात. मोजणी प्रत्येक सामन्याची वेगळी असते, दोन सामन्यांची बेरीज होत नाही. सतत दबावाखाली असलेल्या संघाचा सेंटर-बॅक डबलमध्ये बेंचवर ठेवायला यामुळे बरा पडतो.

आता चिप, म्हणजे मोजक्याच वेळा वापरता येणाऱ्या खास सवलती: वाइल्डकार्ड (हवे तेवढे खेळाडू कायमचे बदलायचे), फ्री हिट, बेंच बूस्ट (बेंचवरच्या चौघांचेही गुण मिळतात) आणि ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे गुण दुपटीऐवजी तिप्पट). २०२५-२६ पासून चारही चिप दोनदा मिळतात. पहिला संच १९व्या गेमवीकच्या डेडलाइनपर्यंत वापरला नाही तर गेला, दुसरा त्यानंतर. एका गेमवीकमध्ये एकच चिप चालते. बेंच बूस्ट आणि ट्रिपल कॅप्टन डेडलाइनपर्यंत मागे घेता येतात. वाइल्डकार्ड आणि फ्री हिट मात्र पक्कं केलं की परत फिरता येत नाही. फोनवर बोट लावताना हा फरक ध्यानात असू द्या.

माझा ठरलेला क्रम असा: मोठ्या डबलच्या एक-दोन आठवडे आधी वाइल्डकार्ड, डबलमध्ये बेंच बूस्ट, डबलला लागून येणाऱ्या ब्लँकमध्ये फ्री हिट. २०२४-२५ च्या ३३-३४ सारखी जोडी आली की हा क्रम चपखल बसतो, कारण डबलसाठी भरलेल्याच क्लबांना पुढच्या आठवड्यात सामना नसतो आणि फ्री हिटने तो खड्डा भरून निघतो. फ्री हिट नसेल तर डबलवाले खेळाडू चार-पाचांपुरते मर्यादित ठेवा. नाहीतर एका आठवड्याची कमाई पुढच्या आठवड्यात परत करावी लागते.

वाइल्डकार्डमध्ये लोक अकरा खेळाडूंवर पैसे ओततात आणि बेंचला चिल्लर ठेवतात. पुढे बेंच बूस्ट असेल तर हे चालत नाही. बेंचवरचे चौघे दोन्ही सामन्यांत साठ मिनिटं खेळले तर नुसत्या हजेरीचे १६ गुण होतात आणि बूस्टचा पाया तोच. दुसरा गोलकीपर क्लबचा पहिल्या पसंतीचाच हवा. किमतीतला थोडासा फरक वाचवायला बसून राहणारा गोलकीपर घेतला की चार जागांतली एक आधीच वाया जाते.

फ्री हिटचं बजेट म्हणजे संघाची विक्रीची किंमत अधिक बँकेतली शिल्लक. ॲपमध्ये दिसणारी बाजारभावाची बेरीज नव्हे. ७.० ला (किमती दशलक्ष पौंडांत) घेतलेला खेळाडू ७.५ झाला असेल तर विकताना ७.२ मिळतात, कारण नफ्याचा निम्मा हिस्सा मिळतो आणि तोही खाली पूर्णांकित होतो. फ्री हिटनंतर जुना संघ जुन्या खरेदी किमतीसकट परत येतो, त्यामुळे तिथे तोटा नाही. वाइल्डकार्डमध्ये तोच खेळाडू विकून पुढे परत घ्यायचा बेत असेल तर हा फरक खिशातून जातो. साठवलेल्या फ्री ट्रान्सफर या दोन्ही चिपनंतर तशाच राहतात, पण त्या आठवड्याची नवी एक त्यात पडत नाही.

ट्रिपल कॅप्टनबद्दल फार खल करत नाही. पेनल्टी घेणारा, नव्वद मिनिटं खेळणारा, डबल असलेला. तिन्ही जुळलं की लावून टाकायचा.

उणे चारच्या हिटचं (फ्री ट्रान्सफर संपल्यावर चार गुण देऊन केलेला बदल) गणित मात्र दरवेळी मांडतो. ब्लँकवाल्याच्या जागी एका सामन्याचा खेळाडू आणला तर साठ मिनिटांचे दोन गुण मिळतात. उरलेले दोन त्याने मिळवले तेव्हा कुठे बरोबरी होते. डबलवाल्याचे हजेरीतच चार होतात. त्यामुळे नवा माणूस पुढच्या आठवड्यातही माझ्या अकरात बसणार असेल तरच हिट घेतो. एका रात्रीपुरता आणलेला खेळाडू बहुतेक वेळा महाग पडतो.

आता मिनिटं. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला युरोपीय स्पर्धांच्या उपांत्य फेऱ्या असतात. ज्या क्लबला लीगमध्ये वर जायची आशा किंवा खाली जायची धास्ती उरलेली नसते, तो लीगमध्ये दुय्यम संघ उतरवतो. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम आणि मँचेस्टर युनायटेड २१ मे रोजी युरोपा लीगच्या अंतिम फेरीत खेळले आणि लीगमध्ये १७वे व १५वे राहिले. शेवटच्या आठवड्यांत त्यांचे मुख्य खेळाडू कधी बेंचवर, कधी अर्ध्या सामन्यापुरते. अशा क्लबचा एकही खेळाडू मी मे महिन्यात ठेवत नाही, प्रतिस्पर्धी कितीही सोपा असो. विजेतेपद आधीच ठरलं तरी तेच लागू. लिव्हरपूलने २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली आणि उरलेल्या चार सामन्यांत एकही विजय मिळवला नाही. मोहम्मद सलाहने त्या मोसमात एफपीएलमध्ये विक्रमी ३४४ गुण केले, पण त्यातला मोठा वाटा या टप्प्याच्या आधीचा होता. 'सेट अँड फर्गेट' (एकदा घेऊन विसरून जायच्या) खेळाडूंवरही मे महिन्यात नजर ठेवावी लागते ती यासाठी.

पिवळ्या कार्डांचा नियम इथे उपयोगी पडतो. क्लबच्या ३२व्या लीग सामन्यापर्यंत दहा कार्डं झाली तर दोन सामन्यांची बंदी. त्यानंतर दहाव्या कार्डाला बंदी नाही. नऊ कार्डांवर असलेला मिडफिल्डर ३० ते ३२ सामन्यांच्या दरम्यान घेणं म्हणजे जुगार, ३३ पासून तोच बिनधास्त घ्यावा.

बेंचचा क्रम लावायला दोन मिनिटं लागतात, तरी बहुतेक जण लावत नाहीत. तीन बचावपटूंनी खेळत असाल आणि त्यांतला एक उतरलाच नाही, तर बेंचवर मिडफिल्डर पहिला असला तरी त्याला वगळून बचावपटूच आत येतो, कारण किमान तीन लागतात. म्हणून अशा रचनेत बेंचवरचा बचावपटू खरोखर खेळणारा हवा. दुसरं म्हणजे कॅप्टन ८८व्या मिनिटाला जरी मैदानात आला तरी तो खेळला असं धरतात आणि उपकर्णधाराचे गुण दुप्पट होत नाहीत. डबलमध्ये पहिला सामना चुकवून दुसऱ्यात दहा मिनिटं आला तरी तेच. दुखापतीतून परतणाऱ्याला कॅप्टन करताना मला हीच भीती असते. शून्य परवडतं, एक परवडत नाही.

ट्रान्सफर आता डेडलाइनच्या जवळ करतो. ऑक्टोबरमध्ये ०.१ ची वाढ पकडायला लवकर हालचाल करण्यात अर्थ असतो. शेवटच्या सहा आठवड्यांत वाढलेली किंमत खर्चायला वेळच उरत नाही, आणि मॅनेजरांच्या पत्रकार परिषदा बहुधा सामन्याच्या आदल्या दिवशी असतात. बँकेत ०.२-०.३ सुटे ठेवले की हवा तो खेळाडू हातचा जात नाही. डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी आणि संघ जाहीर होतात ७५ मिनिटं आधी, त्यामुळे अधिकृत यादी बघून बदल करायची सोय नाही. आणखी एक: मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधलं घड्याळ तासभर पुढे जातं. तिथल्या साडेबाराच्या सामन्याची डेडलाइन आपल्याकडे साडेचारला येत असे, ती साडेतीनला येते.

मिनी-लीगमध्ये (ओळखीच्यांच्या छोट्या लीगमध्ये) इथून पुढे माझा संघ चांगला आहे का, यापेक्षा तो समोरच्यापेक्षा वेगळा किती आहे हे महत्त्वाचं. डेडलाइन गेली की प्रतिस्पर्ध्याचा संघ आणि त्याने वापरलेल्या चिप दिसतात. त्याच्याकडे काय शिल्लक आहे ते टिपून ठेवा. दहा जणांच्या लीगमध्ये एखादा खेळाडू आठ जणांच्या अकरात असेल आणि त्यांतल्या पाचांनी त्याला कॅप्टन केलं असेल, तर त्याची प्रभावी मालकी (खेळवणारे ८० टक्के अधिक कॅप्टन करणारे ५० टक्के) १३० टक्के होते. तो तुमच्याकडे असूनही कॅप्टन नसेल तर त्याच्या प्रत्येक गुणामागे तुम्ही सरासरीच्या ०.३ ने मागे पडता. आघाडीवर असाल तर पाठलाग करणाऱ्याचाच कॅप्टन करा, कंटाळवाणं असलं तरी. तीस-चाळीस गुणांनी मागे असाल तर अकरांतले नऊ समान ठेवून ते अंतर भरत नाही. कॅप्टन वेगळा आणि किमान तीन-चार खेळाडू वेगळे हवेत. मात्र वेगळेपणासाठी मिनिटांवर तडजोड नको. बेंचवर बसणारा डिफरन्शियल (इतरांकडे फारसा नसलेला खेळाडू) वेगळाही असतो आणि शून्यही.

३८व्या गेमवीकमध्ये दहाही सामने एकाच वेळी सुरू होतात, सगळे संघ डेडलाइननंतर एकदमच कळतात. उरलेल्या फ्री ट्रान्सफरला त्यानंतर काही किंमत नाही, म्हणून ३६ पासूनच त्या कुठे खर्चायच्या ते ठरवतो. प्राधान्य अशा क्लबांना, ज्यांना त्या दिवशी गुण हवेतच: युरोपची जागा, चॅम्पियन्स लीगची जागा किंवा घसरण टाळणं. फक्त सगळ्या ट्रान्सफर संपवायच्या म्हणून बेंचवरचा गोलकीपर बदलू नका. मिनी-लीगमध्ये गुण समान झाले तर ज्याने कमी ट्रान्सफर केल्या तो वर जातो. वाइल्डकार्ड आणि फ्री हिटमधल्या ट्रान्सफर त्यात धरत नाहीत, बाकी सगळ्या धरतात.