नेमणूकपत्रात नसलेली माहिती

२०२२ साली मी बडोद्याच्या मकरपुरा भागातील एका कारखान्यात पगाराचे काम पाहत होते. तपासणी विभागातील एका मुलीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला, अकरा दिवसांनी ती कामावर परतली आणि पगारपत्रकात तिच्या नावापुढे ‘बिनपगारी ११’ अशी नोंद मीच केली. पुढे दांडिया बाजारातील तिच्या घरी गेले असता ती एवढेच म्हणाली, “ताई, बाळच राहिलं नाही, मग मॅटर्निटी लिव्ह कोणत्या तोंडानं मागू?”

कायदा मी त्यानंतर वाचला, याची बोच अजून आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाच्या नवव्या कलमाप्रमाणे, गर्भपाताचा दाखला दिल्यावर स्त्रीला ६ आठवड्यांची पगारी रजा मिळत असे, आणि दहाव्या कलमाप्रमाणे, त्यातून आजारपण उद्भवल्यास आणखी एक महिन्यापर्यंत. तिचा पगार २१,००० रुपयांच्या वर असल्याने ती ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नव्हती; म्हणजे ही रक्कम मालकानेच द्यायची होती.

२०१७ च्या दुरुस्तीने तर प्रत्येक स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच सर्व लाभांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले होते. ‘नेमणुकीच्या वेळीच’ या शब्दांचे मोल मला तिच्यामुळे कळले. अशी रजा असते का, हे विचारायला गेलेल्या बाईला आधी आपल्यावर काय ओढवले ते सांगावे लागते, तेही बहुधा एखाद्या पुरुष अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहून, आणि म्हणून बहुतेक जणी विचारतच नाहीत. कागद आधीच हाती असला तर नुसता अर्ज पुरतो.

शिवाय, जिथे स्त्रिया काम करतात अशा प्रत्येक भागात कायद्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, दर्शनी जागी लावणे आवश्यक होते. बडोद्यात ही भाषा गुजराती. आमच्याकडे तो बारीक इंग्रजी टाइपात, फाटकावरील पहारेकऱ्याच्या खोलीत टांगलेला होता, जिथे एकही बाई कामाला नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून गर्भपातानंतरची ६ आठवड्यांची रजा त्यातही कायम आहे.

तिच्याकडून अर्ज लिहून घेतला, तेव्हा अकरा दिवसांचे कापलेले पैसे पुढच्या पगारात जमा झाले. उरलेले एकतीस दिवस मात्र तिने तपासणीच्या टेबलापाशी उभ्याने काम करून काढले होते.