अ‍ॅकिलला सायकलवर, उलट्या वाऱ्यात

आधी कबुली देऊन टाकतो. आयर्लंडच्या पश्चिमेला, अ‍ॅकिल बेटाच्या वाटेवरच्या वेस्टपोर्टला सायकलच्या दुकानात हवा भरायला गेलो होतो, तिथल्या पोरानं मला सरळ सांगितलं होतं, की सायकल व्हॅनमध्ये टाक, अ‍ॅकिलला उतर आणि तिकडून इकडे ये, सगळे तसंच करतात, इथं वारा पश्चिमेचा असतो. मी हसलो. म्हटलं बेचाळीस किलोमीटर तर आहे, जुन्या रेल्वेचा रस्ता, चढ असून असून किती असणार, व्हॅनचे पैसे कशाला घालवा. बीड जिल्ह्यातला माणूस, चार पैसे वाचत असले तर वाऱ्याशीसुद्धा भांडायला तयार.

वाऱ्यानं जिरवली.

डब्लिनहून ट्रेनमध्ये सायकल टाकून वेस्टपोर्टला आलो, तो दिवस तेवढाच. सायकलची जागा वेगळी बुक करावी लागते आणि डब्यात असतात मोजून दोन-चार, हे लक्षात ठेवा नाहीतर स्टेशनवरच ट्रिप संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेट वेस्टर्न ग्रीनवेला, म्हणजे त्या जुन्या रेल्वेच्या सायकल रस्त्याला, लागलो. न्यूपोर्टपर्यंतचे पहिले बारा किलोमीटर मला अजिबात आवडले नाहीत, खरं सांगतो. शनिवार होता, सगळं मेयो, म्हणजे हा जिल्हा, रस्त्यावर आलेलं, मागे ट्रेलरमध्ये बाळं, पुढे कुत्री, चौघं चौघं शेजारी शेजारी गप्पा मारत चाललेले, आणि घंटी वाजवली की सगळे एकदम चुकीच्या बाजूला सरकतात. त्यात ई-बाइकवाले काका-काकू माझ्या शेजारून पाय न हलवता हसत पुढे निघून जायचे, 'ग्रँड डे' म्हणत. कसला ग्रँड. माझा श्वास कानात ऐकू येत होता.

न्यूपोर्टला लाल दगडाचा सात कमानींचा रेल्वेचा पूल आहे, आता त्यावरून माणसं चालतात. तो मागे टाकला की गर्दी एकदम विरते. मग उरतं ते एवढंच, उजवीकडे काळपट डोंगर, डावीकडे क्लू बेमध्ये सांडल्यासारखी बेटं (लोक ३६५ सांगतात, रोजचं एक), पलीकडे क्रो पॅट्रिकचा सुळका, आणि मध्ये तुम्ही. दलदलीतून कापलेलं टर्फ, म्हणजे जळणाचं पीट, वाळायला रचून ठेवलेलं, आपल्याकडे गोवऱ्या रचतात तसं. मेंढ्यांच्या पाठीवर निळे-गुलाबी रंगाचे फराटे, कुणाची कुठली ते कळावं म्हणून. क्रो पॅट्रिकवर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी, ७६४ मीटर, वरचा भाग सगळा निसटता मुरूम. आमच्याकडे पायाला फोड आल्याशिवाय वारी झाली असं वाटत नाही, यांचंही तसंच दिसतंय.

रेल्वेच्या रस्त्याची गंमत अशी की चढ कधी लागला ते डोळ्याला कळत नाही, गुडघ्यालाच कळतं. वाफेच्या इंजिनाला झेपावं म्हणून सगळं हळूहळू चढत जातं. उतार असा मिळतच नाही, मिळालाच तर वारा खाऊन टाकतो. मी ताशी नऊच्या स्पीडनं चाललो होतो. मध्ये मध्ये फाटकं, उतरा, सायकल आत घ्या, फाटक लावा. एका फाटकाशी थांबलेल्या शेतकऱ्यानं सांगितलं की ही जमीन अजून त्यांचीच आहे, विकलेली नाही, २०१० च्या आसपास ग्रीनवे करायचा ठरला तेव्हा फक्त जायला-यायला परवानगी दिली. नुसती परवानगी! आमच्याकडे बांध एक वीत सरकला म्हणून तीन पिढ्या तहसीलच्या चकरा मारतात. तुम्हाला भीती नाही वाटली, म्हणून विचारलं, तर म्हणाला, लोक फाटक उघडं टाकतात त्याची वाटते. मी मागे वळून बघितलं. लावलं होतं.

मुलरॅनीला जेवलो आणि पुढचे तेरा किलोमीटर कसे गेले ते लिहीत नाही, कारण त्यात नुसत्या शिव्या आहेत.

अ‍ॅकिल साउंडला बी अँड बीचं, म्हणजे घरगुती मुक्कामाचं, भाडं बघून जीव कळवळला, डब्लिनला तेवढ्यात चांगलं हॉटेल आलं असतं. पण दार उघडणाऱ्या बाईंनी, ऐंशीच्या असाव्यात, मला बघितलं, सायकल बघितली आणि आधी विचारलं, "तू वेस्टपोर्टहून आलास? या बाजूनं?" मग काही न बोलता केटल लावली. सोडा ब्रेड, लोणी, आणि चहा असा कडक की आमच्या आजीला आवडला असता.

त्यांना आजीच म्हणतो. आजींनी विचारलं कुठला, मी नेहमीसारखं मुंबई म्हणालो. मुंबई सांगितलं की प्रश्न संपतात, म्हणून सांगतो मी. पण यांचे संपेनात. मुंबईत कुठं? मग म्हटलं मुंबई नाही, त्याच्या पूर्वेला, दुष्काळी भाग, तिथले लोक सहा महिने ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्यांत जातात. माझे आजोबा-आजी जायचे, दसऱ्यानंतर बैलगाडी जुंपून सांगलीकडे, आणि माझे वडील लहानपणी उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपलेत.

आजींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "टॅटी होकर्स."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. टॅटी म्हणजे बटाटा, स्कॉटिश बोलीत, आणि होकर म्हणजे तो उकरणारा. अ‍ॅकिलची माणसं, जास्त करून पोरं-पोरी, दरवर्षी जूनमध्ये स्कॉटलंडला जायची आणि बटाटा जसा तयार होईल तशी या शेतावरून त्या शेतावर. टोळी, वर एक गॅफर. पोरी गुडघ्याला गोणपाट बांधून दिवसभर ओल्या मातीत, रात्री गोठ्यात नाहीतर 'बॉथी'त, पेंढ्यावर. आजींची आत्या जायची. त्या मला समजावून सांगत होत्या आणि मला त्यातलं काहीच समजावून सांगायची गरज नव्हती. गॅफर म्हणजे मुकादम, आमच्याकडे उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देऊन टोळी नेणारा, बॉथी म्हणजे कोपी. मी त्यांना आमचं सांगितलं, की आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असला तर अर्धा. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, कोयता कसा असतो, आणि मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी उभा राहून, सायकलच्या चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, ऊस बुडाशी धरून कसा तोडतात आणि वाढं कसं छाटतात ते हातानं करून दाखवलं. मी आयुष्यात ऊस तोडलेला नाही. पण हात बरोबर फिरला.

मग त्यांनी त्या रेल्वेची गोष्ट सांगितली, जिच्यावरून मी दिवसभर कण्हत आलो होतो. फार जुना, ब्रायन रुआ नावाचा भविष्य सांगणारा होता म्हणे, रेल्वे कुणी बघितली पण नव्हती तेव्हाचा, तो म्हणाला होता की लोखंडी चाकांच्या गाड्या आग आणि धूर ओकत अ‍ॅकिलला येतील, आणि पहिली गाडी मढी घेऊन येईल, शेवटची पण. जून १८९४ मध्ये स्कॉटलंडला निघालेली पोरं-पोरी होडीतून वेस्टपोर्टच्या बंदरात पोचली, शंभराच्या वर, तिथं मोठी आगबोट उभी होती, ती बघायला सगळी एका बाजूला धावली आणि होडी उलटली. ३२ गेली. लाइन अजून रीतसर चालू पण झाली नव्हती, तिच्यावरून खास गाडी सोडून त्यांना घरी आणलं. आणि सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉख गावात बॉथीला रात्री आग लागली, दहा मुलगे जळून गेले, धाकटा तेराचा, थोरला तेविसाचा. पोरी दुसऱ्या खोलीत होत्या, त्या वाचल्या. दहा पेट्या याच लाइनवरून आल्या. महिना संपता संपता लाइन कायमची बंद.

भविष्यावर माझा विश्वास नाही, आणि आजींचा पण नसावा, कारण सांगून झाल्यावर त्यांनी खांदे उडवले. पण तेरा वर्षं. माझ्या वडिलांनी सातवीनंतर शाळा धरली म्हणून, नाहीतर तेराव्या वर्षी तेही अर्धा कोयता झाले असते.

सकाळी कीमच्या किनाऱ्याला जायचं ठरलेलं, ते पुढे ढकललं आणि आधी किल्डावनेटला गेलो. दक्षिणेला समुद्राकडेनं रस्ता जातो, ग्रेस ओमॅली नावाच्या समुद्री चाच्यांच्या राणीचा म्हणतात तो दगडी बुरूज लागतो, आणि त्याच्या अलीकडे पलीकडे, पाण्याला लागून, दफनभूमी. १८९४ वाली आणि १९३७ वाली, दोन्ही तिथंच आहेत. त्या दहांची नावं दगडावर कोरलेली. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे भाऊ भाऊ. मी नावं वाचत गेलो आणि मध्येच थांबलो, मला पुढचं वय बघायचं नव्हतं. गवत ओलं होतं, बूट भिजले, सायकलला स्टँड नाही म्हणून कुंपणाला टेकवलेली ती वाऱ्यानं दोनदा पडली.

कीमला नंतर गेलो. चढावर सायकल ढकलली. किनारा फोटोत दिसतो तसाच आहे, पार्किंग पण.

परतताना वारा पाठीशी, आणि आदल्या दिवशी जे पाच तास खाल्ले ते अडीच तासात, पायडल न मारता सुद्धा सायकल पळत होती. मुलरॅनीच्या पुढे मला समोरून एक जोडपं भेटलं, पॅनियर, म्हणजे सायकलच्या बाजूच्या पिशव्या, भरलेले, तोंडं लाल, वाऱ्यात वाकून चाललेले. व्हॅन घ्यायची होती, असं ओरडून सांगणार होतो, पण 'ग्रँड डे' म्हणालो.

ट्रेनमध्ये बसल्यावर घरी फोन लावला. वडिलांना रेल्वे उखडून सायकलचा रस्ता केला हे पहिल्यांदा पटेचना. बीडला पहिली गाडी २०२५ च्या सप्टेंबरात आली, त्यासाठी यांच्या पिढीनं मोर्चे काढलेले, आणि इथं १९३७ ला रेल्वे नको झाली होती. मग आगीचं सांगितलं, पोरांची वयं सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

मग म्हणाले, "त्या पोरांची उचल फिटली होती का रे?"