सड्यावर झाडं लावू नका

जुलै उजाडला की गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात वनमहोत्सवाची गडबड सुरू होते. रोपांचे टेम्पो येतात, शाळेची मुलं येतात, फोटो निघतात. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी हा उत्सव सुरू केला, आणि झाडं लावायला माझी कधीच ना नाही. फक्त टेम्पो सड्याकडे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराकडे, वळला की माझ्या पोटात गोळा येतो.

मे महिन्यात तापलेला काळा कातळ बघून कुणीही म्हणेल, काय आहे इथे? पडीक जमिनींच्या सरकारी नोंदींतही खडकाळ पडीक असा एक वर्ग असतोच. पण मिरग पडू दे, मग या वर. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती असते, तेवढ्यावर इथलं सगळं जग उभं राहतं. श्रावण-भाद्रपदात गेंदाचे पांढरे ठिपके, कवल्याचा पिवळा रंग, डबक्यांच्या कडेला सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. गोव्याच्याच नावाचं एक गवत आहे, ग्लायफोक्लोआ गोएन्सिस. त्याचं सगळं कूळ आपल्या द्वीपकल्पाबाहेर कुठे उगवत नाही.

पावसाच्या माऱ्याने या मातीतलं नत्र धुऊन जातं, म्हणून काही झाडं किडे खाऊन जगतात. गेल्या श्रावणात मी गुडघे टेकून बसले होते, तेव्हा दवबिंदू नावाच्या अशाच एका रोपाच्या पानावर एक चिलट अडकलेलं दिसलं. पान सुतळीपेक्षा बारीक, त्यावर लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. चिलटाचा एकच पंख मोकळा होता. थोड्या वेळाने पाहिलं तर शेजारचे केसही त्याच्यावर वाकलेले. हे रोप माझ्या करंगळीएवढं. इथे खड्डा खणून ट्रकभर माती आणि खत टाकलं तर ते कुठे जाणार?

आणि लावतात काय, तर बहुतेकदा ऑस्ट्रेलियन अकेशिया. तो कशातही जगतो. त्याचा पाचोळा लवकर कुजत नाही, खाली जाड थर बसतो आणि सावली पडते. उघड्या उन्हात वाढणारं गवत आणि फुलं त्याखाली टिकत नाहीत. मुळांवाटे तो मातीत नत्र भरतो, ते रानमोडी नावाच्या तणाच्या पथ्यावर पडतं.

म्हणून आम्ही काहीजण रविवारी सकाळी सड्यावर जातो ते उपटायला. कॉलेजच्या दोन मुली, एक निवृत्त पोस्टमास्तर, मी, आणि ज्याला जमेल तो. रानमोडी पावसात उपटायची, माती ओली असते तेव्हा मूळ सबंध येतं. नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. दिवाळीनंतर ती फुलायला लागते आणि मग तिचं बी वाऱ्यावर उडतं, त्याआधी काम उरकावं लागतं. उपटलेली झाडं उघड्या कातळावर मुळं वर करून वाळत टाकतो. हाताचा उग्र वास आंघोळ केली तरी दुपारपर्यंत जात नाही.

वर गुरं चारणारे एक मामा भेटतात. लागवडीचं कानावर आलं तेव्हा ते मला म्हणाले, "बाय, हंय झाडां लायली तर गुरां खंय चरतली?" मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. शिवाय सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी पायथ्याला झर होऊन निघतं आणि खालची कुळागरं, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागा, त्यावर जगतात.

मोपाचा सडा आमच्याच तालुक्यातला. तिथे डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. आता उरलेल्या सड्यांकडे बघताना मला जास्तच काळजी वाटते.

यंदा आम्ही पंचायतीला लेखी विनंती केली आहे. रोपं ओहळाच्या काठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा. किंदळ लावा, जांभूळ लावा, खड्डे खणायला आम्ही येऊ. सड्याचा माथा तेवढा मोकळा ठेवा. उत्तर अजून आलेलं नाही, पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे.

ज्यांना उपटायला यायचं असेल त्यांनी लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि पाणी आणावं. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, शेवाळलेल्या कातळावर पाय सरकतो. आणि डबक्यांच्या कडेने चालताना खाली बघून पाय टाका.