रात्रीचा ठणका, पडलेला दात आणि घड्याळ

दाताच्या बाबतीत किती घाई करायची हे लोक एकाच मापाने ठरवतात: किती दुखतंय. हे माप फसवं आहे. रात्रभर लोळायला लावणारी दाढ बहुतेक वेळा सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबू शकते. चेंडू लागून मुळासकट निखळलेला पटाशीचा दात मात्र फारसा दुखत नाही, आणि त्याचं घड्याळ तिथल्या तिथे सुरू झालेलं असतं.

तो दात आधी. मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यातल्या धाग्यांनी दात हाडाला बांधलेला असतो. दात निखळला की हा पडदा फाटतो आणि त्यातल्या जिवंत पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. दात वाचतो तो या पेशींच्या जिवावर. पहिल्या १५ मिनिटांत तो जागेवर गेला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला तर पेशी गेल्या असंच धरतात. तेव्हाही दात बसवतात, पण पुढच्या काही वर्षांत मूळ झिजत जाण्याची शक्यता मोठी असते.

म्हणून दात उचलायचा तो पांढऱ्या, चकचकीत भागाला धरून. पिवळसर मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा नळाच्या बारीक धारेखाली जेमतेम १० सेकंद धुवा. घासायचं नाही, रुमालाने पुसायचं नाही, डेटॉल तर मुळीच नाही. मग शेजारच्या दाताकडे बघून दिशा जुळवा: ओठाकडची बाजू किंचित फुगीर, जिभेकडची खोलगट. हलका, एकसारखा दाब देत दात खोबणीत सरकवा, स्वच्छ रुमालाची घडी चावून धरायला सांगा आणि निघा. थोडा वाकडा बसला तरी चालेल, सरळ करण्याचं काम दवाखान्यात होतं.

हात धजावत नसेल तर वाटीभर थंड दुधात दात पूर्ण बुडवून न्या. पाण्यात ठेवू नका. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. दुधातलं क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या जवळपास असतं, म्हणून त्यात त्या टिकतात. दूध नसेल तर एखाद्या डबीत जखमी माणसाचीच लाळ जमवून त्यात दात ठेवा. सर्वांत जास्त दात वाया जातात ते टिश्यू पेपरात नीट गुंडाळून, जपून आणल्यामुळे. दवाखान्यात पोचेपर्यंत ते खडखडीत कोरडे झालेले असतात.

दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. आत वाढणाऱ्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. वरचे पुढचे पक्के दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, त्यावरून अंदाज करा. शंका असेल तर दुधात घालून आणा, बघणारा ठरवील. पक्का दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण २ आठवडे बांधतात, मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनाल सुरू करतात. मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

आता सूज. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं तोंडाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या खाली उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू हिरडीत न फुटता थेट हनुवटीखाली आणि गळ्याकडे सरकू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या प्रकाराचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. जीभ वर उचलली गेली, तोंड दोन बोटंही उघडेना, लाळ गिळता येईना, आवाज घोगरा, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा झाला, की सकाळची वाट बघू नका. श्वासाची वाट काही तासांत बंद होऊ शकते. १०८ लावा, रुग्णाला आडवं करू नका, बसवूनच न्या. वरच्या दाताची सूज डोळ्यापर्यंत चढली तरी तीच घाई. आणि सुजलेल्या गालावर गरम शेक देऊ नका. आजी सांगते म्हणून दिला जातो आणि पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जातो. बर्फ कापडात गुंडाळून १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा.

रात्रीच्या ठणक्याचं कारण साधं आहे. दाताच्या आतली नस सुजते, पण भोवती टणक कवच असल्यामुळे तिला फुगायला जागाच नसते. आडवं झालं की डोक्याकडे रक्त वाढतं, दाबही वाढतो. म्हणून दोन उश्या घ्या. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक इथे काहीच करत नाही, कारण हा दाब आहे, पसरलेला जंतुसंसर्ग नव्हे. मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन्ही मिळून, खाऊन, दर ६ तासांनी, याने रात्र निघते. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन नको. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यूच्या शंकेपोटीही नको. एकाच गोळीत दोन्ही औषधं असलेलं पाकीट घरात असतं. ते घेऊन वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस नकळत दुप्पट होतो, म्हणून पाकिटामागचं बारीक वाचा.

लवंगेचं तेल चालतं, पण काडीला गुंडाळलेल्या कापसावरच्या एका थेंबापुरतं आणि फक्त किडीच्या खड्ड्यात. हिरडीला लागलं तर ती भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तरी पांढरा चट्टा उठतो. मशेरी आणि तंबाखूबद्दल वेगळं काय बोलायचं.

थंड पाण्याचा घोट धरला की बरं वाटायला लागलं, म्हणजे नस शेवटच्या घटका मोजतेय. दोन-चार दिवसांत ठणका आपोआप बंद होतो आणि लोक अपॉइंटमेंट रद्द करतात. नस मेलेली असते. वर सांगितलेली सूज इथूनच सुरू होते.

दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल तर ओल्या गॉझची जाड घडी जखमेवर ठेवून ३० मिनिटं घट्ट चावा. दर पाच मिनिटांनी उचलून बघितलं की जमलेली गुठळी घडीबरोबर निघून येते, सगळं पहिल्यापासून. थुंकू नका, २४ तास चूळ भरू नका. गॉझ संपला तर चहाची ओली पिशवी चालते, त्यातलं टॅनिन रक्त धरायला मदत करतं. दोन फेऱ्यांनंतरही तोंड रक्ताने भरत असेल तर निघा. रक्त पातळ करणाऱ्या हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कुठे जायचं? मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं. पण दातांची ओपीडी दिवसा चालते. रात्री मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. निघण्याआधी फोन करून 'ओरल सर्जन ऑन कॉल आहेत का?' एवढंच विचारा. चालू औषधांची पाकिटं आणि जुना एक्स-रे सोबत घ्या. साध्या भुलीसाठी उपाशी राहायची गरज नसते. उलट रिकाम्या पोटी खुर्चीत बसलेल्यालाच भोवळ येते, आणि मधुमेही माणसाची साखर उतरते. सूज गळ्याकडे गेली असेल तर मात्र काही खाऊ-पिऊ नका, पूर्ण भूल द्यावी लागू शकते.